चिमटेबाईंचं चुंबक

रेघ पुन्हा सपाट आली.

माझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही उघडायची नाही, असा माझा नियम आहे. यंत्राला वारा सोसत नाही. त्या दुपारी त्या कोंदट खोलीत आम्ही पाच जण अंग चोरून उभे होतो आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या त्या एका रेघेवर होते. माझं यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो. एखाद्या वस्तूत चुंबकपणा किती आहे ते ते मोजतं. वस्तू चुंबकी असली तर रेघ एका वाटेने चढते, दुसऱ्या वाटेने परत येते आणि दोन्हींच्या मध्ये पोट सुटतं. नसली तर नुसती सपाट रेघ. आमच्या संस्थेत कुणी "पोट आलं का?" असं विचारलं तर बाहेरची माणसं दचकतात, पण आम्हाला त्यात काही वाटत नाही.

"पोट नाही," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, घसा खाकरला. दुसऱ्या संस्थेतून तपासणीसाठी आलेल्या पाहुण्याबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. दाराजवळ नवी उभी होती. ती येऊन चार वर्षं झाली होती, पण आली तेव्हा सगळ्यांत नवी म्हणून जे नाव पडलं ते पडलंच. डॉक्टरेटसाठी काम करणारी मुलगी. आजची गोळी तिने केलेली होती. कालची, परवाची पण तिचीच, आणि त्याही सपाटच आल्या होत्या. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आणि यंत्राला टेकून, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आमच्या चिमटेबाई.

"कशी धरलीस गोळी?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितली तशीच, मॅडम. प्लास्टिकच्या चिमट्याने. कडेने."

"पाडली असशील."

"नाही पाडली."

"मग भट्टी आधी उघडली असशील. काहीतरी केलंसच ना! तीच पावडर, तीच भट्टी, माझ्या गोळीला पोट येतं आणि तुझ्या नाही, याचा अर्थ काय? तुझ्या हाताला शिस्तच नाही. चार वर्षं मी दगडावर पाणी ओतलं."

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण यंत्र माझं आणि खोली माझी, जाणार कुठे? मी उगाच एक बटण दाबल्यासारखं केलं.

बाई अशाच. नाकावर माशी बसू देत नाहीत. बुटक्या, आवाज मात्र दोन मजले ओलांडून जाणारा. लग्न केलं नाही, आणि कुणी आगाऊपणे विचारलंच तर "गोळीशी केलंय" म्हणून मोकळ्या होतात. वडील घड्याळजी. शाळेतून आली की ही मुलगी दुकानात स्टुलावर बसायची आणि बाबांना एकेक स्क्रू चिमट्याने उचलून द्यायची. ज्या स्क्रूला तुम्ही-आम्ही धूळ समजून फुंकर मारू, तसले. पुढे ती शिकली, पदार्थविज्ञानात नाव काढलं आणि आमच्या संस्थेत आली. पहिल्या दिवशी वडिलांनी आपला पोलादी चिमटा तिच्या हातात दिला. तो तिच्या पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात कायम असायचा, इतरांचं पेन असतं तिथे. त्यावरून चिमटेबाई. तोंडावर मात्र हे नाव घेण्याची कुणाची छाती नव्हती.

आता या गोळीची भानगड.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी पावडर असते ना, टायटॅनियमचा ऑक्साइड, तीच मुळात. बाई त्यात एका दुसऱ्या पदार्थाची चिमूटभर भर घालून, दाबून तिची गोळी करायच्या आणि भट्टीत भाजायच्या. औषधाच्या गोळीएवढी पांढरी गोळी. तिच्यात लोखंड नाही, निकेल नाही, चुंबकपणा येईल असं काहीच नाही. पावडर तीन ठिकाणी तपासून घेतली होती, लोखंडाचा मागमूस नव्हता. तरीही बाईंच्या गोळीला पोट यायचं. लहानसं, कधी जास्त कधी कमी, पण यायचं. लोखंडाशिवाय चुंबक! कमी विजेवर चालणारे संगणक, बंद केले तरी न विसरणारी स्मरणपट्टी, असलं सगळं त्यातून निघू शकलं असतं. मोठ्या मासिकाने निबंध छापला. वर्तमानपत्रांत बाईंचा फोटो आला, त्यात साहेब त्यांच्यापेक्षा पुढे उभे होते. साहेब त्या दिवसापासून हवेत चालत होते.

मग पत्रं यायला लागली. आम्ही करून पाहिलं, आमच्याकडे रेघ सपाट. एकाने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं. साहेबांचे पाय जमिनीला लागले. शेवटी ठरलं, बाहेरचं माणूस बोलवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोळी करून दाखवायची. म्हणून पाहुण्याबाई आल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, कोमट पाणी पिणाऱ्या, आणि एकदा खुर्चीत बसल्या की मान न हलवणाऱ्या. त्यांच्यासमोर बाईंनी गोळ्या केल्या आणि पोट आलं. साहेबांनी तिथल्या तिथे चहा मागवला.

पाहुण्याबाईंनी चहा घेतला नाही. त्या म्हणाल्या, "आता हेच दुसऱ्या कुणीतरी करून दाखवा. तुमच्यापैकीच, पण दुसरे हात."

दुसरे हात म्हणजे नवी. आणि नवीच्या हाताला काही यश येईना.

त्या सपाट रेघेनंतर साहेबांनी बाईंना आणि मला बोळात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, त्यांना उद्या अहवाल द्यायचाय. तुमच्या गोळ्या त्यांनी स्वतः पाहिल्यात. प्रश्न राहतो या मुलीचा. उद्या सकाळी तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की हिचं काम निष्काळजीपणाचं आहे, म्हणून गोळ्या बिघडल्या. विषय मिटला."

"आणि तिचं?" बाईंनी विचारलं.

"तिचं काय? असले हात इथे ठेवून चालणार नाही. तिला मोकळं करू."

मोकळं करू! शाळेतली कायमची नोकरी सोडून ती इथे आली होती. लहान मुलीला सासूबाईंच्या ओटीत टाकून रोज तास-दीड तासाचा प्रवास करायची. सासूबाई चांगल्या, पण नवरा आडून आडून विचारायचा, कधी संपणार हे शिकणं. निष्काळजी असा शिक्का मारून इथून काढली तर दुसरी कुठली संस्था तिला दारात उभी करणार होती? चार वर्षांवर पाणी, आणि वर बदनामी. हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते परवडत होतं, एवढंच.

"बघते," बाई म्हणाल्या.

त्या नाही म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा खरंच राग आला. पण त्यांच्या जागी मी असतो तर काय म्हणालो असतो, हेही मला नक्की सांगता येत नव्हतं. नवी निष्काळजी आहे असंच त्यांना वाटत होतं. आपल्या डोळ्यांसमोर आपल्या हातून झालेली गोष्ट खोटी असेल असं कुणाच्या मनात येतं?

संध्याकाळी बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. त्यांच्या वडिलांचं दुकान माझ्या वाटेवर आहे आणि माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला पडलं होतं. वाटेत बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्या बाईला सिग्नलला उभं राहिल्यावरही शेजारच्या गाडीवाल्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय चैन पडत नाही, ती गप्प बसली म्हणजे समजावं.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक माणूस बसेल, दुसरा उभा राहील आणि तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं. टेबलावरच्या काचेखाली वर्तमानपत्रातलं ते कात्रण लावलेलं. म्हातारबुवांनी डोळ्याला भिंग लावलेलं होतं. आमची चाहूल लागली तरी त्यांनी हातातलं काम पुरं केल्यावरच मान वर केली.

"या, यंत्रवाले. तुमचं घड्याळ झालंय, पण आठवड्याला थोडं मागे पडेल. तुमच्यासारखंच." मग लेकीकडे वळून, "काय गं, तोंड का उतरलंय?"

"काही नाही. हा घ्या." बाईंनी खिशातला चिमटा काढून दिला. "टोकं जुळत नाहीत. गोळी निसटते."

"परत? अगं, आत्ता तर घासून दिला होता." त्यांनी चिमटा भिंगाखाली धरला. "मी निम्मं आयुष्य या चिमट्याने काम केलं, कधी एवढा झिजला नाही. तू तिथे काय दगड उचलतेस का?"

"दगडच म्हणा. भट्टीतून निघालेल्या गोळ्या, बाबा. काचेवर ओढल्या तर काचेला चरा पडेल."

"मग माझ्या चिमट्याचं काही खरं नाही," ते हसत म्हणाले. टोकं घासायच्या आधी त्यांनी सवयीने चिमटा एका तारेच्या वेटोळ्यातून ओढला. ते यंत्र घड्याळजीकडे असतंच. हत्यारात चुंबकपणा शिरला की स्क्रू चिकटून बसतात, तो काढून टाकायचा. मग त्यांनी चिमट्याचं टोक एका बारक्या स्क्रूला लावून दाखवलं. स्क्रू जागचा हलला नाही. "बघ. साफ."

हे 'बघ, साफ' मी बाईंच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं! माझ्या दारावर पाटी आहे, 'लोखंड बाहेर'. बाई ती इतक्या कसोशीने पाळायच्या की चिमटा दाराबाहेरच्या वाटीत ठेवून आत यायच्या, लोक चपला काढतात तसा. पण गोळी प्लास्टिकच्या नळीत घालायचं काम त्या आपल्या खोलीत करून आणायच्या. तिथे चिमटा हातात असायचाच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बाबांनी त्यातलं चुंबक काढलंय. बघा, साफ." लहानपणापासून बघितलेली गोष्ट. ती कुणी तपासत बसत नाही, मग तो माणूस कितीही शिकलेला असो.

बाई त्या वेटोळ्याकडे बघत होत्या.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "झिजतो म्हणजे... झिजलेलं जातं कुठे?"

"कुठे म्हणजे? जिथे घासतेस तिथे."

त्यांनी कानस उचलली, तेवढ्यात बाईंनी त्यांचा हात धरला. "नको. राहू दे. असाच द्या."

"अगं, पण टोकं?"

"असाच हवाय, बाबा."

रस्त्यावर आल्यावर बाई स्कूटरजवळ उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. माझं घड्याळ माझ्या काखेत टिकटिकत होतं.

"यंत्रवाले, चुंबकपणा काढला म्हणजे लोखंड काढलं का हो?"

"नाही," मी म्हणालो. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी तो नाही म्हणेल. पोलाद ते पोलादच. तुमच्या घरातल्या तराजूला कळणार नाही, डोळ्याला दिसणार नाही एवढासा कण गोळीच्या कडेला घासून राहिला, तरी माझ्या यंत्राला तो पुरतो. तेवढ्यावर ते पोट काढून दाखवेल.

"पावडर तपासली आपण," बाई म्हणाल्या. "गोळी तपासली नाही. भाजून झाल्यावर, माझ्या हातात आल्यावर तपासली नाही. आणि त्या पोरीच्या हातात प्लास्टिकचा चिमटा."

"अजून खात्री कुठे आहे?"

"नाही. खात्री नाही." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "तसं नसू दे, असंही वाटतंय. किती वाटतंय ते तुम्हाला काय सांगू. सहा वर्षं घातलीत मी यात. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कात्रण दाखवतात."

मी त्यांना जे म्हणालो ते चांगुलपणाने म्हणालो की भित्रेपणाने, ते मला माहीत नाही. "बाई, उद्या पाहुण्याबाई अहवाल देऊन जातील. मग सावकाश बघू. आपलं आपण."

"आणि नवी?"

मी घड्याळ दुसऱ्या काखेत घेतलं.

"मी तिला काय काय बोलले, ऐकलंत ना तुम्ही? सगळ्यांसमोर?" त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. "सकाळी यंत्र मोकळं ठेवा. साहेब आले तरी मी येईपर्यंत कुणाची गोळी लावू नका."

मला रात्रभर झोप लागली नाही. बायको म्हणाली, घड्याळाच्या टिकटिकीने असेल. मी हो म्हणालो.

सकाळी साहेब माझ्या आधीच येऊन बसले होते, कडक इस्त्रीत. पाहुण्याबाई आपलं कोमट पाणी घेऊन कोपऱ्यात. नवी आली तेव्हा तिच्या खांद्यावर मोठी पिशवी होती आणि त्यातून तिचा पांढरा कोट डोकावत होता. टेबल आवरून आली होती. म्हणजे बोळातलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. आमच्याकडच्या बोळांना कान आहेत.

"चला, उरकून घेऊ," साहेब म्हणाले. "मॅडम येऊन दोन वाक्यं बोलतील..."

बाई आल्या. एका हातात झाकण लावलेली काचेची बशी, दुसऱ्या हातात चिमटा. चिमटा घेऊन त्या माझ्या दारात थांबल्या. "आज हा आत आणायची परवानगी द्या."

मी मान हलवली. मग त्या माझ्या टेबलाकडे गेल्या आणि खण उघडला. "तुमचा तो फुटका कप कुठाय? कान तुटलेला?"

मी टाकत नाही काही, त्यावरून बायकोपासून सगळे मला बोलतात. कपाचे तुकडे खणातच होते. बाईंनी प्लास्टिकच्या चिमट्याने त्यातला गोळीएवढा टवका उचलला, आम्लाच्या पाण्यातून काढला, धुतला, वाळवला आणि नळीत घालून माझ्याकडे दिला.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"कप मोजतोय," बाई म्हणाल्या.

यंत्र घुमायला लागलं. त्याला घाई केलेली चालत नाही, आणि मीही करत नाही. पडद्यावर ठिपक्याला ठिपका जोडत रेघ सरकली. सपाट. कपात चुंबक कुठून असणार? पाहुण्याबाई मात्र खुर्ची ओढून पुढे सरकल्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मग बाईंनी तोच टवका वडिलांच्या चिमट्याने धरला. नेहमीसारखाच, कडेने, जरा दाबून, फिरवून. जशी त्या रोज गोळी धरायच्या. नळीत घातला. त्यांच्या मानेवर घाम होता.

पुन्हा ती घुमघुम. पुन्हा ठिपके. मी पडद्याकडे बघत होतो, आणि मला मनापासून वाटत होतं की सपाट यावी. त्या ठिपक्यांना मी मनातल्या मनात दटावत होतो. रेघ चढली. वर जाऊन वळली. परत येताना दुसऱ्या वाटेने आली.

माझ्या फुटक्या कपाला पोट आलं होतं. लहानसं, पण अगदी तेच. मासिकात छापलेलं.

"यंत्र बिघडलंय," साहेब म्हणाले.

"यंत्राला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने. या यंत्रावर कुणी बोट ठेवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मग समोर साहेब असोत नाहीतर कुणीही.

साहेब उभे राहिले. "बरं, नाही बिघडलं. चिमट्याचं काही लागू शकतं, एवढंच ना यावरून दिसतं? गोळीतला चुंबकपणा खोटा, असं कुठे सिद्ध झालं? गोळीचा तिचा स्वतःचाही असेल. मॅडम, जरा विचार करा. आपण काय करतोय ते बघा."

खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. अजून एवढीशी आशा होती, आणि ती बाईंच्या डोळ्यांतही होती. त्यांनी बशीचं झाकण काढलं. आत एकच गोळी होती. मी ती ओळखली. तिचीच रेघ निबंधात छापलेली होती, तिचंच पोट सगळ्यांत मोठं. बाईंनी ती कापसात गुंडाळून ठेवली होती. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

"नवी, इकडे ये."

नवी जागची हलली नाही.

"अगं ये. प्लास्टिकचा चिमटा घे आणि ही गोळी आम्लात टाक. पुरती धू. वाळव आणि नळीत घाल. मी हात लावणार नाही."

"मॅडम, ही नको. ही खराब झाली तर..."

"गोळीला काही होत नाही आम्लाने. वर काही चिकटलं असेल तर तेवढंच जाईल. टाक."

नवीने पिशवी खाली ठेवली. मी तिचे हात पहिल्यांदाच नीट पाहिले. बाई तिला म्हणत होत्या तसे ते मुळीच नव्हते. तिने गोळी अशी धरली की ती कुठे घासली नाही, कुठे आपटली नाही. आम्लात बारीक बुडबुडे येतात का ते मी बघत होतो. काही दिसलं नाही. दिसण्याएवढं ते नव्हतंच. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, जणू ती उघडणार होती.

नळी यंत्रात गेली. ठिपका. ठिपका. ठिपका.

बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. नवीकडे बघत होत्या. त्यामुळे रेघ कशी आली ते त्यांना आधी नवीच्या चेहऱ्यावरून कळलं. नवीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं.

"सपाट," मी म्हणालो.

बाईंनी एकदा डोळे मिटले. मग खिशात हात घातला, रिकामा बाहेर काढला, आणि सरळ नवीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. शिस्त तुझ्याच हाताला होती. तुझ्या तिन्ही गोळ्या बरोबर होत्या. चूक माझी होती आणि मी ती तुझ्या माथी मारली. मला माफ कर."

नवी "मॅडम, असं नका ना..." एवढंच म्हणू शकली.

"पिशवी उचल आणि परत टेबलावर जाऊन लाव सगळं," बाई म्हणाल्या. आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "उभी काय राहिलीस? जा!"

साहेब निघून गेले. पाहुण्याबाईंनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. उठताना त्या बाईंना म्हणाल्या, "आमच्याकडे दोन पोलादी चिमटे आहेत. गेल्यावर आधी ते बघते." मग दारात थांबून मान वळवली. "अहवालात मी काय लिहायचं ते तुम्हीच सांगा."

"झालं ते लिहा," बाई म्हणाल्या.

निबंध परत घेतला गेला. वर्तमानपत्रांनी ते काही छापलं नाही. बाईंची ठरत आलेली बढती गेली ती गेलीच, आणि साहेब अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात. त्यावर बाईंचं म्हणणं असं की, मोठाच फायदा झाला. पण मी त्यांना दुपारच्या वेळी त्या बंद भट्टीसमोर नुसतं बसलेलं पाहिलंय. अशा वेळी मी हाक मारत नाही. नवीने पुढे याच विषयावर प्रबंध लिहिला, खोटे चुंबक कसे तयार होतात आणि कसे पकडायचे. परीक्षकांनी तिला पिळून काढलं. ती बधली नाही. आता तिला स्वतःच्या हाताखाली एक मुलगी मिळाली आहे आणि ती तिच्यावर अजिबात ओरडत नाही. त्यावरून बाई तिला बोलतात.

बाईंनी चिमटा वडिलांना परत नेऊन दिला आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात माझं घड्याळ पुन्हा मागे पडलं म्हणून मी दुकानात गेलो. कात्रण काचेखाली होतं तिथेच होतं. माझ्या आधी एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याने फोटोवर बोट ठेवून विचारलं, "काका, ही तुमची मुलगी ना? चुंबक केलं ते?"

मी रस्त्याकडे पाहायला लागलो. म्हातारबुवांनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. हातात तोच चिमटा होता.

"नाही झालं ते चुंबक," ते म्हणाले. "आणि नाही झालं हे तिनेच शोधून काढलं. कुणी सांगायच्या आधी."

गिऱ्हाईकाला काही समजलं नसावं. ते नुसतं हसलं. म्हातारबुवांनी स्क्रू उचलला आणि त्याच्या घड्याळात बसवला.